प्रॉमिस.ऑल आणि प्रॉमिस.ऑलसेटल्ड: नाव सारखं, वागणं वेगळं

आमच्या एका डॅशबोर्डचं पान अधूनमधून कोरं यायचं. पान उघडताना सर्व्हरकडे तीन कॉल एकदम जात: प्रोफाइल, ऑर्डरी आणि वरच्या घंटीवरचा नोटिफिकेशनचा आकडा. तिन्ही प्रॉमिस.ऑलमध्ये, म्हणजे अनेक प्रॉमिसची (नंतर येणाऱ्या उत्तरांची) एकत्र वाट बघणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनमध्ये. घंटीची एपीआय पडली की हातात आलेल्या ऑर्डरीसुद्धा दिसत नसत.

प्रॉमिस.ऑलचा खाक्याच तसा आहे. सगळे कॉल यशस्वी झाले तर उत्तरांचा अ‍ॅरे मिळतो, तोही आपण दिलेल्याच क्रमाने. आधी कोण आलं याला किंमत नाही. एक जरी रिजेक्ट झालं, म्हणजे पडलं, तर तिथल्या तिथे कॅच, म्हणजे एरर हाताळणारा कोड. बाकीच्यांची वाट बघणं थांबतं, पण ते कॉल थांबत नाहीत! पुष्कळजण फसतात ते इथे. तीन पोस्ट कॉल (सर्व्हरकडे माहिती पाठवणारे) सोडले, एक पडला, स्क्रीनवर 'सेव्ह झालं नाही' आलं. तोवर उरलेल्या दोघांनी सर्व्हरवर नोंदी करून टाकलेल्या असू शकतात. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि नोंदी दुप्पट. कॉल मध्येच रद्द करणारा अबॉर्टकंट्रोलर लावला तरी सर्व्हरवर झालेलं काम काही मागे फिरत नाही.

ऑलसेटल्ड आलं एक्मास्क्रिप्ट २०२० मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मानकाच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत. सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत ते थांबतं, आणि कॉल पडले म्हणून स्वतः रिजेक्ट होत नाही. प्रत्येक कॉलमागे एक ऑब्जेक्ट मिळतो: स्टेटस 'फुलफिल्ड' असेल तर सोबत व्हॅल्यू, 'रिजेक्टेड' असेल तर रीझन.

मी घाईत नुसतं 'ऑल' खोडून 'ऑलसेटल्ड' लिहिलं. पान कोरं यायचं थांबलं, पण नावाच्या जागी 'अनडिफाइन्ड' झळकू लागलं, कारण खालचा कोड व्हॅल्यूच्या आत न जाता थेट नाव मागत होता. जुना ट्राय-कॅच जागेवरच होता, फक्त पडलेल्या कॉलची एरर आता तिथवर पोचतच नव्हती. (कॉलसाठी ब्राउझरचं फेच फंक्शन वापरत असाल तर आणखी एक: सर्व्हरकडून ४०४ किंवा ५०० असा एररचा कोड आला म्हणून फेच रिजेक्ट होत नाही. रिस्पॉन्स.ओके तपासून एरर आपणच फेकायची, नाहीतर ५०० सुद्धा 'फुलफिल्ड' म्हणून मिरवतं.)

शिवाय घंटीची एपीआय रखडली की अख्खं पान तिच्यासाठी ताटकळायचं. शेवटी प्रोफाइल आणि ऑर्डरी पुन्हा प्रॉमिस.ऑलमध्ये ठेवल्या, कारण त्यांतलं एक नसेल तर त्या पानाला अर्थच नाही. घंटीचा कॉल बाहेर काढून त्याला स्वतःचा कॅच दिला. आकडा आला नाही तर नुसती घंटी दिसते. आजवर कोणाची तक्रार नाही.