भारूड (मराठवाडा)

भारूड हा मराठी संतांनी घडवलेला रूपकात्मक रचनेचा आणि तिच्या सादरीकरणाचा प्रकार. रोजच्या जगण्यातले एखादे पात्र किंवा प्रसंग घ्यायचा, तो हुबेहूब उभा करायचा आणि त्यातूनच परमार्थाचा किंवा नीतीचा अर्थ उलगडायचा, ही त्याची रीत. कविता, गायन, अभिनय, वेशभूषा आणि निरूपण या साऱ्या कला भारूडकाराला एकट्याने पेलाव्या लागतात. ज्ञानेश्वरांच्या नावावरही भारुडे आहेत आणि त्यांचे मूळ गाव आपेगाव पैठणजवळच आहे. पण या प्रकाराला खरा विस्तार दिला तो पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९). त्यांच्या भारुडांची संख्या सुमारे ३०० मानली जाते.

वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, वाघ्या-मुरळी, फकीर, गारुडी, कोल्हाटीण, आंधळा, पांगळा, बहिरा असे त्या काळच्या गावातले जवळजवळ सगळे लोक एकनाथांच्या भारुडांत बोलतात. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या कवीने महाराच्या तोंडी ‘जोहार मायबाप’ घालून गावाला शहाणपण सांगितले, तेही सोळाव्या शतकात. आपण जे नाही त्याच्या जिभेने बोलायचे आणि तरी ते बोलणे खोटे वाटू द्यायचे नाही, ही एकनाथांच्या प्रतिभेची सर्वांत मोठी झेप होय.

ही प्रतिभा सरकारी कागदालाही सोडत नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि एकनाथ त्यांच्याजवळ राहून शिकले. हिशेबातली एका पैची चूक त्यांनी रात्रभर जागून शोधून काढली, ही आख्यायिका मराठवाड्यात आजही घरोघरी सांगतात. त्या काळी किल्ल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता आणि दफ्तराची भाषा फारसीमिश्रित होती. तीच भाषा उचलून एकनाथांनी अर्जदस्त (म्हणजे वरिष्ठाला केलेला लेखी अर्ज), ताकीदपत्र, अभयपत्र अशी भारुडे रचली. त्यांच्या ‘अर्जदस्ता’त शरीर हा ‘शरीराबाद’ परगणा होतो आणि किल्ला होतो ‘कायापुरी’. जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून तिथे कारभाराला येतात, तर दंभाजी शेटे, कामाजी महाजन, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी ही वतनदार मंडळी त्यांना काम करू देत नाहीत. परगण्याचा कारभार ज्याने जवळून पाहिला आहे त्यालाच असे सुचावे. या रचना आज फारशा गायल्या जात नाहीत, ही मोठी हानी आहे.

भारुडाचे भजनी, सोंगी आणि कूट असे प्रकार करतात. भजनी भारूड टाळ-मृदंगाच्या साथीने गातात. कूट भारूड कोड्यासारखे असते. काट्याच्या अणीवर तीन गावे वसली, त्यांतली दोन ओसाड आणि एक वसेचना, हे ज्ञानेश्वरांचे भारूड त्याचा प्रसिद्ध नमुना. सोंगी भारूड मात्र पाहावेच लागते.

‘विंचू चावला’ हे सोंगी भारूड करणारा कलावंत आधी खरोखर तळमळतो. विंचू चढल्यावर माणसाचे काय होते हे समोर बसलेल्या शेतकऱ्यांना पुरते ठाऊक असते, त्यामुळे खोटी तळमळ खपत नाही. ती पटली की मगच हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा, हे सांगण्याला वजन येते. ‘रोडगा’ या भारुडातली सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते: सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, शेवटी दादलाही जाऊ दे आणि मला एकटीला राहू दे. तुळजापूरच्या आईचे नवस आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला रोडगा दोन्ही इथल्या बायकांच्या ओळखीचे. म्हणून त्या आधी मनापासून हसतात. सासरची माणसे म्हणजे प्रपंचाचे पाश, हा अर्थ नंतर येतो. पहिला अर्थ पुरता रंगल्याशिवाय दुसऱ्याची घाई करणारा भारूडकार उपदेशक होतो, कलावंत राहत नाही.

सादरीकरणाला थाट लागत नाही. देवळापुढची जागा, टाळ, पखवाज किंवा ढोलकी, एकतारी, धृपद उचलून धरणारे टाळकरी, एक लुगडे, एक घोंगडे एवढ्यावर काम भागते. गाणे मध्येच थांबवून भारूडकार गद्यात बोलतो, टाळकऱ्याशी सवाल-जवाब करतो, समोरच्या एखाद्याला नावाने हाक मारतो. हा भाग लिहिलेला नसतो. तो त्या रात्री, त्या गावासाठी तिथल्या तिथे सुचलेला असतो. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते, दिंड्या येतात आणि भजन-कीर्तनाच्या बरोबरीने भारुडे रंगतात.

अलीकडच्या काळात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील निरंजन भाकरे (मृत्यू २०२१) यांनी ‘बुरगुंडा’ हे एकनाथांचे भारूड गावोगाव पोहोचवले. व्यसनमुक्ती, हुंडाबंदी, स्वच्छता यांच्या प्रचारासाठीही भारूड वापरतात. त्यातून कलावंतांना काम मिळते, पण अशा पुष्कळ रचनांत रूपक नसते, नुसती चाल उसनी घेतलेली असते. पूर्वी पुरुषच लुगडे नेसून स्त्रीपात्रे करीत. आता स्त्रियाही भारूड करतात, आणि ‘रोडगा’ बाईच्या तोंडून ऐकला की त्यातला सासुरवास अधिक बोचतो.