‘मोठ्याने’ म्हणजे किती? बस-लोकलमधल्या मोबाईल-संभाषणांच्या तक्रारीची पार्श्वभूमी

मुंबईच्या बसगाड्यांमध्ये एप्रिल २०२३ मध्ये लागू झालेल्या सूचनेने एका दमात दोन गोष्टींना मनाई केली. हेडफोन न लावता मोबाईलवर गाणी किंवा चित्रफिती वाजवणे ही पहिली आणि मोबाईलवर मोठ्या आवाजात बोलणे ही दुसरी. पहिल्या मनाईविषयी वाद होण्याचे फारसे कारण नाही, कारण हेडफोन लावला आहे की नाही हे वाहकाला तिकीट देता देताच दिसते. दुसरीचे तसे नाही. ‘मोठ्या आवाजात’ या शब्दांना सूचनेने कोणतेही माप जोडले नाही आणि ते ठरवण्याचे काम गर्दीत उभ्या असलेल्या वाहकावर येऊन पडले. या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात का बांधल्या गेल्या, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फोनवर ओरडून बोलणे मोबाईलने आणलेले नाही. ट्रंक कॉलच्या, म्हणजे एक्स्चेंजमार्फत जोडून घ्याव्या लागणाऱ्या परगावच्या फोनच्या, काळात पलीकडच्या माणसाला ऐकू जावे म्हणून घसा ताणावा लागे, आणि शेजाऱ्यांचा नंबर ‘पीपी’ म्हणून, म्हणजे तिथे फोन करून आपल्याला बोलावून घ्यावे म्हणून, देणाऱ्या चाळकऱ्यांना आपली गोष्ट चार जणांदेखत बोलण्याची सवयच होती. एसटीडी-पीसीओच्या, म्हणजे पैसे देऊन फोन करण्याच्या सार्वजनिक बूथच्या, काचेच्या खोपटाने त्या बोलण्याला दार दिले, आणि डोळ्यांसमोर सरकणाऱ्या मीटरने आवर घातला.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात देशातला पहिला मोबाईल कॉल झाला तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवण्याची युक्ती याच महागाईतून रुजली. सार्वजनिक शांततेच्या दृष्टीने निर्णायक तारीख पहिल्या कॉलची नाही, तर १ मे २००३ ही आहे. त्या दिवसापासून फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे, येणारा कॉल फुकट, ही पद्धत देशभर लागू झाली. आता फोन उचलणाऱ्याला संभाषण आवरते घेण्याचे कारण उरले नाही, आणि ‘आत्ता दादर गेलं, वीस मिनिटांत पोचतो’ हे वाक्य डब्यात कायमचे वस्तीला आले.

आवाज चढण्यामागे यंत्राचाही वाटा आहे, हे तक्रारदार सहसा विसरतात. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्याच्याच कानात परत ऐकू येत असे, त्यामुळे आपण किती जोरात बोलतो आहोत याचा अंदाज आपोआप येई. मोबाईलमध्ये हा परतीचा आवाज क्षीण असतो, आणि फोन स्पीकरवर टाकला की तो नाहीसाच होतो. त्यात भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, ही गोष्ट १९११ पासून शास्त्राला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. दोघांचे पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा एकाचीच बाजू ऐकू आली तर हातातल्या कामावरून लक्ष अधिक विचलित होते, कारण पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधण्यात मेंदू गुंततो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे शेजारी गप्पा मारणारे दोघे आणि फोनवर बोलणारा एक यांचा आवाज सारखाच असला, तरी त्रास सारखा नसतो.

२०१६ च्या सप्टेंबरात इंटरनेट डेटा एकदम स्वस्त झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात निरोपाच्या सर्वाधिक प्रचलित ॲपवर व्हिडिओ कॉल आले, आणि फोन कानाला लावण्याऐवजी खाकऱ्यासारखा तोंडासमोर आडवा धरण्याची पद्धत पसरली. आता सहप्रवाशाला संभाषणाच्या दोन्ही बाजू ऐकाव्या लागू लागल्या. वरच्या अभ्यासाप्रमाणे हे सुसह्य वाटायला हवे होते. प्रत्यक्षात तसा अनुभव कोणी सांगत नाही. याच सुमारास डबाही बदलला. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम मार्गावर पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि मे २०२२ मध्ये तिचे एकेरी तिकीट निम्म्यावर आल्यावर तिच्यात गर्दी झाली. उघड्या दारांच्या लोकलमध्ये रुळांचा खडखडाट आणि वारा जे आवाज गिळून टाकत, ते बंद दारांच्या डब्यात टोकापर्यंत स्पष्ट पोचू लागले. लोक पूर्वीपेक्षा जोरात बोलतात की पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येते, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही.

आता कायद्याकडे. बसच्या सूचनेने १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम ३८ आणि ११२ यांचा आधार घेतला, आणि सगळा गुंता तिथेच आहे. कलम ३८ वाद्ये, उपकरणे, गायन यांच्या आवाजाने लोकांना होणारा त्रास रोखण्यासाठी आहे, पण त्याची सुरुवात पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांच्या लेखी आदेशाने होते. वाहकाच्या तोंडी सूचनेने नव्हे. कलम ११२ शांतताभंग घडवून आणण्याच्या हेतूने केलेल्या गैरवर्तनाविषयी आहे. फोनवर मुलीच्या प्रवेशाची किंवा गावाकडच्या जमिनीची चर्चा तावातावाने करणाऱ्या माणसाचा हेतू कोणाची शांतता भंग करण्याचा असतो, असे म्हणणे कठीण आहे. उलट, आपल्याभोवती माणसे बसली आहेत याचे भान नसणे हाच त्याचा दोष. हेतूवर उभे असलेले कलम बेफिकिरीला लावायचे, ही या निर्णयातली कच्ची वीट होती.

दुसरे पर्यायही फारसे धड नाहीत. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, पण त्यांचा रोख ध्वनिक्षेपक, फटाके, हॉर्न अशा आवाजांवर आहे. तळहातावरच्या फोनचा स्पीकर ‘ध्वनिक्षेपक’ या शब्दात बसवायचा तर त्यासाठी लेखी परवानगी लागेल, आणि ते हास्यास्पद ठरेल. सार्वजनिक उपद्रवाची १८६० च्या भारतीय दंड संहितेतली व्याख्या १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत गेली, तरी तिचा गाभा एकट्या माणसाची चिडचिड नसून सर्वसाधारण जनतेला होणारा त्रास हाच आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १४५ त्या मानाने जवळचे आहे. ते दारू पिऊन गाडीत येणे, अश्लील बोलणे आणि ‘उपद्रव’ करणे यांना एकाच रांगेत बसवते आणि गाडीतून उतरवण्याची मुभा देते. मात्र उपद्रव कशाला म्हणावे, हे त्यात उलगडलेले नाही.

अशा स्थितीत रेल्वेने अधिक शहाणा मार्ग धरला, असे म्हणावे लागते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत झोपेची वेळ २०१७ पासून रात्री दहा ते सकाळी सहा अशी ठरलेली होतीच. जानेवारी २०२२ मधल्या सूचनांनी तिलाच जोडून रात्री दहानंतर फोनवर मोठ्याने बोलणे आणि हेडफोनशिवाय संगीत ऐकणे यांवर बोट ठेवले. आवाजाचे माप देता येत नसेल तर घड्याळाचे द्यावे, हा तो तोडगा. कर्नाटकातल्या बससेवेने नोव्हेंबर २०२१ मध्ये, प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यानंतर, मोबाईलच्या स्पीकरवर मोठ्याने गाणी वाजवण्यास बंदी केली आणि न ऐकणाऱ्याला उतरवण्याचा अधिकार चालक-वाहकांना दिला. तिथला रोख वाजवण्यावर होता. मुंबईने बोलणेही त्यात घातले.

डब्यातला आवाज हा काही मोबाईलबरोबर आलेला पाहुणा नव्हे. लोकलमधल्या भजनी मंडळांना टाळ-मृदंगासह दशकानुदशके जागा मिळत आली, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारा मात्र तुसडा ठरत आला. मंडळात शेजाऱ्याला निदान सामील होता तरी येत असे, असा युक्तिवाद जुने प्रवासी करतात. झोप लागलेल्याला तो पटत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल असा भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा जमिनीखाली मोबाईलला नीट रेंज नव्हती. बंद दारांच्या वातानुकूलित डब्यात फोनवर बोलणे जवळपास थांबले होते. प्रवाशांनी तक्रारी केल्या, त्या रेंज कधी येणार याविषयी.