परस्परसंवादी कथालेखनाची सॉफ्टवेअर : आवृत्त्या आणि बदल

वाचकाने टाइप केलेल्या आज्ञेवर किंवा निवडलेल्या पर्यायावर पुढचा मजकूर ठरतो, अशा लेखनाला परस्परसंवादी कथा किंवा इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. ती लिहिण्यासाठी इन्फॉर्म, टॅड्स, ट्वाइन, इंक अशी खास सॉफ्टवेअर आहेत. छापील पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी कपाटातली जुनी प्रत वाचता येते. इथे तसे होत नाही. साधनाची आवृत्ती बदलली की अर्धवट लिहिलेली कथा कंपाइल होईनाशी होते, म्हणजे तिची चालणारी फाइल बनत नाही, आणि कथेची आवृत्ती बदलली की वाचकाने जपून ठेवलेला सेव्ह निकामी होतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन थरांपैकी नेमका कोणता बदलला, हे आधी पाहावे. पहिला थर म्हणजे ज्यात टाइप करायचे ते संपादनाचे अॅप. दुसरा थर कथेच्या भाषेचा. ट्वाइनमध्ये त्याला स्टोरी फॉरमॅट म्हणतात. तिसरा थर तयार कथा चालवणाऱ्या यंत्राचा. प्रत्येक थराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो आपल्या चालीने वाढतो. बहुतेक गोंधळ हे तीन क्रमांक एकच समजल्याने होतात.

तिसरा थर सर्वांत टिकाऊ आहे. मजकुरी खेळ बनवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीसाठी १९७९ मध्ये रचलेले झेड-मशीन हे काल्पनिक यंत्र आजही फ्रॉट्झसारख्या प्रोग्रॅममधून चालते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कथेची फाइल १२८ केबीपर्यंत, पाचवीत २५६ आणि आठवीत ५१२ केबीपर्यंत जाऊ शकते. त्याहून मोठ्या कथांसाठी अँड्र्यू प्लॉटकिन यांनी ग्लल्क्स हे ३२ बिटांचे यंत्र बनवले. ट्वाइनची प्रकाशित कथा तर एकच एचटीएमएल फाइल असते आणि स्टोरी फॉरमॅट त्या फाइलीतच बांधलेला असतो. म्हणून ट्वाइन कितीही बदलले तरी आधी प्रकाशित केलेल्या फाइलीत काहीच बदलत नाही. धोका असतो तो मूळ मसुद्याला.

दुसऱ्या थरातली उलथापालथ इन्फॉर्ममध्ये सर्वांत ठळक दिसते. ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये पहिले इन्फॉर्म प्रसिद्ध केले. ३० एप्रिल २००६ रोजी आलेल्या इन्फॉर्म ७ मध्ये साध्या इंग्रजी वाक्यांसारखी दिसणारी नवी भाषा आली. पुढे ‘६जी६०’, ‘६एल०२’, ‘६एम६२’ अशी नावे असलेले बिल्ड, म्हणजे सुधारित आवृत्त्या, निघाल्या. २०१४ च्या ६एल०२ ने सगळ्यांत मोठी साफसफाई केली. तोवर साधा मजकूर आणि बदलता येणारा ‘इंडेक्स्ड टेक्स्ट’ असे दोन प्रकार होते. ते एक झाले. ‘प्रोसीजरल रूल’ (इतर नियमांचा अंमल बदलणारा नियम) हा प्रकार काढून टाकला गेला. ‘ते उचलता येत नाही’ अशा ठरावीक उत्तरांना नावे मिळाली, त्यामुळे ती उत्तरे बदलण्यासाठी वापरली जाणारी जुनी एक्स्टेंशने, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या जोड-फाइली, अनावश्यक ठरली. आधीच्या बिल्डवर नीट चालणारी कथा इथे पंधरा-वीस चुका दाखवू शकते. त्यांतल्या बऱ्याच चुका लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांत नसून जोडलेल्या एक्स्टेंशनमध्ये असतात, म्हणून चुकांची यादी वाचताना आधी ओळ कोणत्या फाइलीतली आहे ते पाहावे.

२०१५ च्या अखेरीस आलेले ६एम६२ अनेक वर्षे स्थिर राहिले. एप्रिल २०२२ मध्ये इन्फॉर्म मुक्तस्रोत झाले आणि १०.१ ही आवृत्ती आली. क्रमांकाची पद्धत बदलली. आतल्या टेम्प्लेट फाइलींच्या जागी ‘किट’ आले. टेम्प्लेटचा एखादा भाग बदलून आपला कोड बसवणारी एक्स्टेंशने त्यामुळे बंद पडली. अशी कथा हातात असेल तर ती घाईने दुरुस्त करू नये. अॅपच्या सेटिंग्जमध्ये भाषेची जुनी आवृत्ती निवडता येते. कथा पूर्ण होईपर्यंत तीच ठेवणे शहाणपणाचे.

ट्वाइनची वाट निराळी आहे. क्रिस क्लिमास यांनी ते २००९ मध्ये काढले. ट्वाइन १ मध्ये प्रत्येक कथेची स्वतंत्र फाइल असे. ट्वाइन २ ब्राउझरमध्ये चालते आणि तिथे कथा ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात राहते. हा साठा साधारण ५ एमबीचा असतो आणि ब्राउझरचा डेटा पुसला की कथाही जाते. सफारीत एखाद्या साइटकडे ब्राउझर वापराचे सात दिवस कोणी फिरकले नाही, तर तिचा साठा आपोआप पुसला जातो. कॉलेजच्या लॅबमध्ये अर्धी कथा आणि कळव्याला घरी उरलेली अर्धी, असे लिहिणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण लॅबचे संगणक वेळोवेळी साफ केले जातात. दर बैठकीनंतर अर्काइव्ह करून ती फाइल स्वतःला ईमेल करावी. डेस्कटॉप अॅप कथा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ट्वाइन फोल्डरमध्ये ठेवते, म्हणून शक्य असेल तिथे तेच वापरावे.

ट्वाइनमध्ये खरी भाषा स्टोरी फॉरमॅटची: हार्लो, शुगरक्यूब, स्नोमॅन किंवा चॅपबुक. एकाच फॉरमॅटच्या दोन मुख्य आवृत्त्यांत नियम बदलतात, आणि एका फॉरमॅटचा मसुदा दुसऱ्यात टाकला तर मॅक्रो, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या आज्ञा, ओळखले जात नाहीत. शुगरक्यूब २ मध्ये ‘क्लिक’ मॅक्रोची जागा ‘लिंक’ने आणि ‘डिस्प्ले’ची जागा ‘इन्क्लूड’ने घेतली. जुनी नावे काही काळ चालू ठेवली जातात. त्या मुदतीतच बदल करून घ्यावा.

सेव्हचा प्रश्न उदाहरणावरून नीट कळतो. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने निघणाऱ्या प्रवाशाची कथा घेऊ. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असे थांबे आहेत. तुर्भ्याला मार्ग फुटतो: एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगरमार्गे नेरूळकडे. कथेची पहिली मोठी निवडही तिथेच आहे. लेखकाने ‘थांबा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये (बदलती किंमत साठवणाऱ्या नावात) क्रमांक ठेवला : ऐरोली १, तुर्भे ५. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झाले. लेखकाने ते पहिला थांबा म्हणून कथेत घातले आणि तुर्भे ६ झाले. जुन्या सेव्हमध्ये मात्र मजकूर नसतो. तिथे असतात पॅसेजचे (कथेच्या एका तुकड्याचे) नाव आणि व्हेरिएबलच्या किमती. त्यात ‘थांबा ५’ आहे, म्हणून तुर्भ्याला थांबलेला वाचक परत येतो आणि पुढच्या हिशेबात कोपरखैरण्याला असतो. फाटा येतच नाही आणि कुठे चूकही दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे: क्रमांकाऐवजी स्टेशनचे नावच साठवावे.

नावाचाही एक सापळा आहे. ‘कोपरखैरणे’ या पॅसेजचे नाव सुधारून ‘कोपर खैरणे’ केले तर ट्वाइन इतर पॅसेजमधले साधे दुवे आपोआप बदलते. मॅक्रोमध्ये जोडून बनवलेले दुवे आणि जुने सेव्ह मात्र जुनेच नाव शोधत राहतात. नव्या आवृत्तीत नवे व्हेरिएबल आणले तर जुन्या सेव्हमध्ये त्याला किंमत नसते. शुगरक्यूबमध्ये सेव्ह उघडताना चालणारा कोड लिहून ती किंमत भरावी. तो कोड जोडण्याची रीतही २.३६ मध्ये बदलली आहे.

झेड-मशीन इथे अधिक कडक आहे. त्याचा सेव्ह क्वेट्झल नावाच्या फॉरमॅटमध्ये असतो. त्यात कथेचा रिलीज क्रमांक, तारखेवरून बनलेला सहा अंकी सीरियल क्रमांक आणि चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची बेरीज) नोंदलेले असतात. मजकुरातले एक अक्षर बदलून पुन्हा कंपाइल केले तरी चेकसम जुळत नाही आणि सेव्ह उघडण्यास नकार मिळतो. वाचकाला राग येईल, पण चुकीच्या स्टेशनवर गुपचूप उतरवण्यापेक्षा हा नकार बरा. म्हणूनच पार्सर कथांच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या कथांच्या, लेखकाने नवा रिलीज जपून काढावा.

देवनागरीत लिहिणाऱ्याला आणखी काही जपावे लागते. झेड-मशीनमध्ये मूळ संचाबाहेरची जास्तीत जास्त ९७ अक्षरेच एका कथेत घेता येतात. मराठीची वर्णमाला त्यात कशीबशी बसते, पण काना-मात्रा आणि जोडाक्षरे नीट दाखवणे हे चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून राहते. इन्फॉर्म ७ ची वाक्यरचना आणि पार्सर इंग्रजीसाठी घडवलेले आहेत. मराठी कथेसाठी ट्वाइन किंवा इंक हाच व्यवहार्य मार्ग. तिथेही शुगरक्यूबमधली व्हेरिएबलची नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात. आणि संगणकाच्या लेखी ‘ठाणे’ हा दोन अक्षरांचा शब्द चार चिन्हांचा असतो: ठ, काना, ण, मात्रा. मजकूर एकेक चिन्ह करत उमटवणारा परिणाम वापरला तर ‘तुर्भे’ आधी ‘त’, मग ‘तु’, ‘तुर’, ‘तुर्’ असा तुटत उमटतो. मराठीत हा परिणाम शब्दागणिक किंवा ओळीगणिक लावावा.

इंकले कंपनीची इंक भाषा २०१६ मध्ये मुक्तस्रोत झाली. कंपाइल केलेल्या फाइलीच्या सुरुवातीलाच तिचा आवृत्ती क्रमांक असतो. इंकमध्ये लिहिण्याचा इंकी संपादक नवा आणि गेममधले कथा चालवणारे इंजिन जुने असेल, तर ‘कथा इंजिनपेक्षा नव्या आवृत्तीत बनली आहे’ अशी चूक येते. इंजिन नवे करावे, किंवा त्याच काळातला संपादक वापरून पुन्हा कंपाइल करावे.

आवृत्ती बदलण्याआधी मसुदा साध्या मजकुराच्या फाइलीत काढून घ्यावा. ट्वाइनसाठी ती ट्वी फाइल असते, आणि तिच्या स्टोरीडेटा या भागात फॉरमॅटचे नाव, आवृत्ती आणि कथेचा कायमचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो. हा ओळख क्रमांक बदलू नये. कथेची नक्कल करावी आणि नवी आवृत्ती फक्त नकलेवर लावावी. मग जुन्या आवृत्तीत केलेला एक पूर्ण प्रवास, त्याच निवडींसह, नकलेत पुन्हा करून दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचावेत. इन्फॉर्ममध्ये यासाठी कथेतच ‘टेस्ट’ आज्ञांची ओळ लिहून ठेवता येते. ट्वाइनमध्ये हे हाताने करावे लागते, आणि तुर्भ्याचे दोन्ही फाटे वेगवेगळे धरले तर दोनदा.