लोकलमधून पडलेल्या माणसाची भरपाई: हा हक्क आला कुठून?

भांडुपला आमच्या चाळीतले एक काका सकाळी कामावर जाताना लोकलमधून पडून गेले. हॉस्पिटलने दिलेली प्लास्टिकची पिशवी काकूंनी घरी ओतली. रक्ताने कडक झालेला शर्ट, न उघडलेला जेवणाचा डबा, एक चप्पल. पाकीट नव्हतं आणि पास पाकिटातच होता. "पास संपत आला की मीच आठवण करायचे रे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. भरपाईचं बोलायची ती वेळ नव्हती, पण त्या पासावर पुढे किती काही अवलंबून असणार होतं, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांबाबतचा १३ क्रमांकाचा कायदा आला. माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर संपतो, असं तोवर इंग्रजी न्यायाचं तत्त्व होतं. दुसऱ्याच्या चुकीने घरचा माणूस गेला तर बायको, नवरा, मुलं आणि आईवडिलांसाठी नुकसानभरपाई मागता येते, हे या कायद्याने मान्य केलं. मात्र चूक कुणाची हे सिद्ध करायचं मागणाऱ्याने, तेही दिवाणी कोर्टात. घरातला कमावता हात गेलेल्या गिरणी कामगाराच्या विधवेने रेल्वेविरुद्ध वकील उभा करायचा कशाच्या जोरावर?

पुढे १८९० च्या रेल्वे कायद्यात १९४३ साली कलम ८२-अ घातलं गेलं. त्यात चूक सिद्ध करण्याची अट गेली, पण भरपाई मिळायची ती गाड्यांची टक्कर झाली, डबे घसरले किंवा गाडीलाच अपघात झाला तर. मुंबईत रोजची माणसं अशी मरत नव्हती. ती मरत होती दारातून पडून, खांबाला आपटून, धावत्या गाडीची दांडी हातातून सुटून. गाडी शाबूत, माणूस खाली. कायद्याच्या लेखी अपघात झालेलाच नसायचा.

हा अन्याय दूर व्हायला १९९४ उजाडलं. रेल्वेविरुद्धचे भरपाईचे दावे ऐकणारं रेल्वे दावा न्यायाधिकरण त्याआधीच, १९८९ मध्ये, सुरू झालं होतं. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १२४-अ आलं आणि १ ऑगस्ट १९९४ पासून लागू झालं. वकिलांच्या तोंडी त्यातला शब्द आहे 'अनटूवर्ड इन्सिडेंट', म्हणजे अनुचित घटना. प्रवासी गाडीतून अपघाताने पडणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. दहशतवादी हल्ला, दरोडा, दंगल हेही आहे. रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. वैध प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन कुणाला सोडायला आलेला माणूसही यात येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

भरपाई नाकारायची कारणं मोजकी आहेत: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरातलं कृत्य आणि आजारपण. रूळ ओलांडताना मेलेला माणूस 'पडलेला प्रवासी' ठरत नाही, म्हणून त्याच्या घरच्यांच्या हाती या कलमाखाली काही येत नाही. त्यामुळे मृतदेह रुळांवर मिळाला, तर माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता, यावरच लढाई होते. अशा वेळी घटनेची लेखी खबर देणारा स्टेशन मास्तरांचा मेमो आणि जीआरपीचा, म्हणजे रेल्वे पोलिसांचा, पंचनामा शब्दाशब्दाने महत्त्वाचा ठरतो.

'दारात उभं राहिलात, मग तुमचीच चूक' हा युक्तिवाद मुंबईकराला नवा नाही. सुप्रीम कोर्टाने तो टप्प्याटप्प्याने मोडीत काढला. २००८ मध्ये गाडीत चढताना पडणंही कलमात बसवलं. २०१० मध्ये सांगितलं की दारात उभं राहणं निष्काळजीपणा असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे. २०१८ च्या रीना देवी निकालात ठरलं की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्याने दावा फेटाळता येणार नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्राने प्राथमिक बाजू मांडली की पुढचं रेल्वेने दाखवायचं. माझ्या मते मुंबईसाठी सगळ्यात मोलाचा निकाल हाच. पडलेल्या माणसाचं पाकीट जागेवर सापडेलच असं नाही.

रकमेचं दुखणं मात्र उरलंच आहे. मृत्यूसाठी १९९७ पासून ४ लाख आणि १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख, सगळ्यांना सरसकट. दोन्ही हात गेले तरी तेवढेच. हाच माणूस रस्त्यावर गाडीखाली आला असता, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याचं वय, पगार, पुढची पगारवाढ आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं धरून हिशेब केला असता. तरण्या कमावत्या माणसाच्या बाबतीत ती रक्कम कितीतरी मोठी होते. एकाच शहरात, एकाच पगाराच्या दोन माणसांत इतका फरक मला पटत नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात जीवही गेले. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेने जाहीर केलं. पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली होती, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेल्यावर.

दावा वर्षभरात लावायचा असतो. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. काकूंचा अर्ज अकराव्या महिन्यात गेला. चालू पास कधीच मिळाला नाही. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात मात्र काकांचे मागचे सात पास रबर लावून ठेवलेले निघाले, ते प्रतिज्ञापत्राला जोडले. एकाच्या मागे बॉलपेनने भाजीचा हिशेब लिहिलेला होता. त्याची झेरॉक्स काढताना काकूंनी दोन्ही बाजू काढायला लावल्या.