तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर: आमच्या मुद्राचित्रांविषयी

नमस्कार. मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, घरी नेण्याआधी उजेडात तिरकं धरून पाहा. चित्राभोवती कागद चौकोनी दबलेला दिसेल, काळ्या रेघा किंचित उठून आलेल्या दिसतील. फ्रेम करताना बरेच जण ही दबलेली कड कापायला सांगतात. कृपया कापू नका. चित्र पत्र्यावरून हाताने काढलंय, याची खूण तीच.

तांब्यावर कोरणं आपल्या भागाला नवं नाही. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले आहेत. ती अक्षरं मात्र वाचायला कोरलेली. कोरलेल्या रेघेत शाई भरून ती कागदावर उतरवायची विद्या युरोपात पंधराव्या शतकात, सोनारकामातून वाढली. पुण्यात इंग्रजांचा वकील, म्हणजे पेशवे दरबारातला प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट याने ती एका तांबटाला शिकवली. नाना फडणवीसांना गीता छापायची होती, पण १८०० मध्ये नाना गेले. काम पुढे नेलं मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी, आणि १८०५ मध्ये ताम्रपटांवरून गीता छापली गेली. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, पाडायची गरजच नव्हती, पान कोरलं की झालं. बेळगावहून गाडीत बसून आपण ज्या मिरजेला उतरतो, तीच ही मिरज. आम्हाला याचा फार अभिमान वाटतो.

आम्ही बहुतेक एचिंग करतो. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने चित्र, तेही उलटं. मग पत्रा फेरिक क्लोराईडमध्ये. उघडी पडलेली रेघ तेवढी खाल्ली जाते. शाई चोळून जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटी तळहाताने. इथे हात जरा जड पडला तर रेघेतली शाईही निघून येते आणि प्रत फिकी उठते. ओलसर कागद, वर नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, आणि पत्रा छापयंत्राच्या रुळांखालून जातो. प्रत्येक प्रतीला पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. म्हणून दिवसभरात मोजक्याच प्रती होतात आणि किंमत पोस्टरसारखी ठेवता येत नाही.

खाली पेन्सिलीने ३/२० लिहिलेलं असेल, तर वीसपैकी तुमची तिसरी. विसावी निघाली की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतो.

आता पावसाळ्याचं. एका जुलैत आमच्याच प्रती पुरत्या वाळण्याआधी एकावर एक राहिल्या आणि पिवळे ठिपके पडले, ते गेलेच नाहीत. तेव्हा चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, काच कागदाला टेकू देऊ नका, लॅमिनेशन तर नकोच. फ्रेमच्या आत कागद कुठे फुगलेला दिसला तर आमच्याकडे घेऊन या, उघडून वाळवून देऊ.

हे पत्रक कन्नडमध्येही आहे, काउंटरवर मागा.