सवलत आणि सूट: निवासी उपचार केंद्रातल्या वर्गात होणारी गल्लत

निवासी उपचार केंद्रात, म्हणजे मुलं मानसिक उपचारांसाठी जिथे राहतात तिथे, थेरपी आणि शाळा एकाच आवारात चालतात, पण त्यांची खरी गाठ पडते वर्गात, मूल 'मला नाही जमणार' म्हणतं तेव्हा. अशा वेळी शिक्षक जे देतात त्याला सगळेच सवलत म्हणतात. पुष्कळदा ती सूट असते.

सवलत दिली तरी शिकायचं तेच राहतं, फक्त रीत बदलते: २० गणितांऐवजी त्याच प्रकारची ६, दीडपट वेळ, दाराजवळची जागा. सूट दिली की कामच उरत नाही.

समजा, १५ वर्षांचा मुलगा आहे. अपूर्णांकांचं पान समोर आलं की पेन्सिल खाली ठेवतो, पानाचा कोपरा दुमडत बसतो आणि मग पाणी प्यायला जाऊ का विचारतो. बाहेर पडताच धडधड थांबते, आणि उठून गेलं की बरं वाटतं हे मनात पक्कं बसतं. पुढच्या वेळी तो पान उघडायच्या आधीच उठतो. मायेपोटी दिलेली सूट चिंतेला असं खतपाणी घालते, आणि थेरपीत आठवडाभर केलेली मेहनत गणिताच्या एका तासात वाया जाते.

विश्रांतीचं कार्ड, म्हणजे जे दाखवून मूल थोडा वेळ कामातून उठू शकतं ते, दोन्हीकडे झुकू शकतं. ते सवलत राहायला हवं असेल तर अटी आधी ठरवाव्या लागतात: एका तासात दोनदाच, ५ मिनिटं, ठरलेली जागा, टायमर, आणि परत आल्यावर तेच अर्धवट गणित. ही शेवटची अट सर्वांत जास्त मोडते. वर्ग पुढे गेलेला असतो, शिक्षक नवं पान उघडून देतात, आणि कार्ड सुटकेचा दरवाजा बनतं. त्या ५ मिनिटांत थेरपिस्टने शिकवलेला श्वासाचा सराव करायचा. जाताना आणि आल्यावर चिंता ० ते १० मध्ये किती, ते मुलाने लिहायचं. हे आकडे थेरपिस्टकडे गेलेच पाहिजेत. उलट दिशेने शिक्षकांना फक्त चिंता वाढल्याच्या खुणा आणि त्या वेळी काय करायचं एवढंच कळावं. मुलाचा घरचा इतिहास वर्गात यायची गरज नाही.

हे सगळं ठरवण्याआधी एक तपासणी मात्र कराच. तीच गणितं वाचून दाखवली आणि ती सुटली, तर अडचण बहुधा वाचनाची आहे. वाचन शिकवल्याशिवाय नुसत्या धीराने ती जाणार नाही.

वेळापत्रकातूनही नकळत सूट मिळते. थेरपीचं सत्र दर आठवड्याला गणिताच्याच तासाला लागत असेल, तर ते आलटून पालटून ठेवा.

सूट योग्यही असते. स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले किंवा औषधाच्या नव्या मात्रेने डोळे मिटत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून उपचार पथकातल्या व्यक्तीला तिथेच बोलवायचं. मुलाला एकटं पाठवायचं नाही. मात्र अभ्यास पुन्हा कधी आणि किती सुरू करायचा, हे पथकाने त्याच दिवशी लिहून ठेवावं.

सवलतही कायमची नसते. दर दोन आठवड्यांनी ६ ची ८, ८ ची १० गणितं करत जा. पुढच्या शाळेत वर्ग मोठा असेल आणि तासाला दोन विश्रांती मिळणार नसतील, तर एकावर येण्याचा सराव डिस्चार्जच्या आधी, थेरपिस्ट जवळ असतानाच व्हायला हवा.