इब्री लोकांस पत्र: पौलाचे नाव कसे लागले आणि कसे गळाले

बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या प्रत्येक पत्राची सुरुवात त्याच्या नावाने होते. इब्री, म्हणजे यहुदी, लोकांस लिहिलेल्या पत्रात मात्र ना नाव आहे, ना सलाम. पहिल्याच वाक्यात देव संदेष्ट्यांच्या द्वारे कसा बोलला हा विषय सुरू होतो. शेवटी तीमथ्याच्या सुटकेची बातमी आणि इटलीकरांचा सलाम येतो. तीमथ्य हा पौलाचा सोबती, आणि पौलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मोठा आधार हाच.

या पत्राची सर्वांत जुनी खूण रोममध्ये सापडते. इ.स. 96 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने ग्रीसमधल्या करिंथला पाठवलेल्या पत्रात यातल्या ओळी जवळजवळ जशाच्या तशा आल्या आहेत, पण लेखकाचे नाव नाही. पुढे सुमारे 200 साली रोमचा ख्रिस्ती लेखक गायस पौलाची पत्रे 13 च मोजतो, म्हणजे हे पत्र वगळून. ज्या शहराला हे पत्र इतक्या लवकर ठाऊक होते, तेच ते पौलाचे मानायला चौथ्या शतकापर्यंत कचरत होते. मला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

पौलाचे नाव रुजले ते पूर्वेकडे, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. तिथला एक वडीलधारा शिक्षक सांगे की पौलाने नम्रतेपोटी नाव गाळले. हा बहुधा पंतेनस, ज्याने भारताची यात्रा केल्याचे चर्चचा इतिहासकार युसेबियस नोंदवतो. त्याचा शिष्य क्लेमेंट म्हणाला की पौलाने इब्री भाषेत लिहिले आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने ग्रीक केले. हे पटत नाही, कारण पत्रातली अवतरणे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातली आहेत आणि दहाव्या अध्यायातला युक्तिवाद 40 व्या स्तोत्राच्या ग्रीक पाठावरच उभा आहे. अलेक्झांड्रियाचाच नंतरचा विद्वान ओरिगेन अधिक प्रामाणिक होता: विचार पौलाचे, भाषा दुसऱ्याची, आणि पत्र कोणी लिहिले हे देवालाच ठाऊक.

उत्तर आफ्रिकेत ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने पत्राचा लेखक म्हणून पौलाचा सोबती बर्णबा याचे नाव घेतले. बर्णबा लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातला होता, आणि पत्रात याजकपण व यज्ञ यांचाच विचार आहे. तर्तुलियनला मात्र सहावा अध्याय हवा होता: विश्वासापासून ढळलेल्याला पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, असे तो अध्याय सांगतो. कठोर शिस्तवाल्यांनी या वचनाचा आधार घेतल्यामुळेही पश्चिमेत पत्राकडे जपून पाहिले गेले.

367 साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियसने हे पत्र धरून पौलाची 14 पत्रे मोजली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या 397 च्या बिशपांच्या परिषदेची नोंद बोलकी आहे: पौलाची 13, आणि 'त्याचेच इब्री लोकांस एक'. 419 साली तिथेच सरळ 14 लिहिले गेले. पश्चिमेतले मोठे धर्मपंडित जेरोम आणि ऑगस्टीन यांनी पत्र स्वीकारल्यावर प्रश्न हजारएक वर्षे निजला.

सोळाव्या शतकात विद्वान इरॅस्मसने तो पुन्हा उकरला. धर्मसुधारक कॅल्विनने दुसऱ्या अध्यायावर बोट ठेवले: तारणाची वार्ता प्रभूकडून थेट ऐकलेल्यांकडून आपल्याला मिळाली, असे लेखक म्हणतो, गलतीकरांस पत्रात पौल तर ती कोणा माणसाकडून मिळाली नाही असे ठासून सांगतो. धर्मसुधारक लूथरने अपुल्लोस सुचवला, अलेक्झांड्रियाचा वक्तृत्वकुशल यहुदी. 1546 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने मात्र 14 हा आकडा कायम ठेवला. 1900 साली जर्मन अभ्यासक हार्नाकने पौलाची सहकारी प्रिस्किल्ला हिचे नाव पुढे केले. पण अकराव्या अध्यायात लेखक स्वतःविषयी पुल्लिंगी रूप वापरतो, ही त्यातली अडचण.

आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हीकडचे बहुतेक अभ्यासक हे पत्र पौलाचे मानत नाहीत. अपुल्लोसाकडे अनेकांचा कल आहे, पण त्याचे एकही लेखन उरलेले नाही, त्यामुळे शैली ताडून पाहायची सोय नाही.